ऐंशीच्या पुढची थरथर

ऐंशीपर्यंत गाडी शहाण्या मुलासारखी चालायची. पंच्याऐंशीला स्टिअरिंग बारीक थरथरायला लागायचं, नव्वदला ते असं डुलायचं की धरणाऱ्याच्या कोपरापर्यंत मुंग्या याव्यात, आणि शंभर ओलांडले की पुन्हा साळसूद, जसं काही झालंच नव्हतं.

"म्हणजे ऐंशी ते शंभर एवढ्याच वयात त्रास आहे," बारकीने बुधवारी जेवताना जाहीर केलं.

"मला अजून दोन वर्षं आहेत," आत्या म्हणाली.

बारकी सव्वीस वर्षांची होती आणि तिची उंची चार फूट दहा इंच होती. हे टोपणनाव ज्याने ठेवलं त्याने फार डोकं चालवलं नव्हतं. पाच वर्षं ती वडिलांच्या गॅरेजात काम करत होती. वडिलांना सगळी गल्ली मिस्त्री म्हणायची. आत्या ही मिस्त्रींची थोरली बहीण. तिने लग्न केलं नव्हतं, बटणांच्या कारखान्यात छत्तीस वर्षं नोकरी केली होती, आणि गेली दोन वर्षं घरातले सगळे मोठे निर्णय तिचा उजवा गुडघा घेत होता.

गुडघ्याने घेतलेला सगळ्यात मोठा निर्णय म्हणजे गाडीत बसायचं नाही. बाजारातल्या निम्म्या गाड्या खड्ड्यात उतरल्यासारख्या, त्यात बसलं की क्रेन मागवल्याशिवाय उठता येत नाही. उरलेल्या निम्म्या माळ्यावर चढल्यासारख्या. गॅरेजची स्वतःची गाडी या दुसऱ्या जातीतली होती, जुनी, उंच, कपाटाला चाकं लावल्यासारखी. तिच्यापुढे एकदा स्टूल ठेवून पाहिलं होतं. आत्याने स्टुलावर पाय ठेवला तेव्हा स्टुलाने आपलं मत मांडलं, आणि तेव्हापासून घरात स्टूल हा शब्द कुणी काढत नसे.

तसं आत्याला कुठे जायचंही नव्हतं. पण महिन्यापूर्वी बातमी आली की तिची कारखान्यातली मैत्रीण सोमवारच्या विमानाने मुलाकडे परदेशी चालली आहे, कायमची. मैत्रीण दोनशे दहा किलोमीटरवर राहत होती आणि अठरा वर्षं दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. भांडणाचं कारण नळ. नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात कुणीतरी रंगखान्यातला नळ उघडा ठेवला आणि गोदामात गुडघाभर पाणी साठलं. सकाळी दार उघडलं तशी चाळीस हजार लाकडी बटणं तरंगत फाटकाबाहेर पडली. एका दिवसात इतका माल कारखान्यातून त्याआधी कधी बाहेर गेला नव्हता. नळ मैत्रिणीने उघडा ठेवला असं आत्याचं म्हणणं, आणि आत्याने ठेवला असं मैत्रिणीचं.

"ती जायच्या आधी मला तिच्या तोंडावर सांगायचंय," आत्या तेव्हा म्हणाली होती.

"काय?"

"की चूक तिची होती."

"मग फोनवर सांग की."

"फोन ठेवता येतो."

बारकीने टेप आणली, आत्याची लाडकी खुर्ची मोजली, मग गाडीची सीट मोजली. खुर्ची साडेसतरा इंच, सीट वीस. अडीच इंच गाडी खाली घ्यायची, एवढाच प्रश्न होता. तीन आठवड्यांपूर्वी तिने चारही चाकांच्या उंच स्प्रिंगा काढून आखूड बसवल्या. गाडी खाली आली. आत्या सीटवर आडवी टेकली, दोन्ही पाय एकत्र आत फिरवले आणि एकच शब्द म्हणाली, "खुर्ची." बारकीला आयुष्यात मिळालेलं ते सर्वांत मोठं सर्टिफिकेट होतं.

गल्लीचा मात्र वेगळाच समज झाला. पोरगी नटायला लागली, असं बायका म्हणाल्या. स्वतः उंच दिसावी म्हणून गाडी बुटकी केली, असं पुरुष म्हणाले. कोपऱ्यावरची दोन टाळकी येऊन विचारून गेली की खालून निळा लाइट कधी लावणार. बारकीने त्यांना सांगितलं की लाइट नाही, आत्या लावणार आहे.

मग थरथर सुरू झाली. पहिला आठवडा ठीक गेला, दुसऱ्यात पंचाण्णवला जरा कुजबुज ऐकू आली, आणि आता पंच्याऐंशी.

"शनिवार संध्याकाळ," मिस्त्री म्हणाले. "तोवर सापडलं तर ठीक. नाहीतर मी जुन्या स्प्रिंगा परत चढवतो."

"ऐंशीच्या आत चालवीन ना मी."

"आठवड्यापूर्वी पंचाण्णवच्या आत म्हणत होतीस. वाढत जाते ती थरथर नसते, काहीतरी सुटत चाललेलं असतं. तसल्या गाडीत मी बहिणीला बसवणार नाही."

यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं, हाच मिस्त्रींचा सर्वांत मोठा दुर्गुण होता. जुन्या स्प्रिंगा म्हणजे वीस इंच, आणि वीस इंच म्हणजे आत्या घरी. बारकीने गॅरेजच्या दारावर खडूने मोठ्ठं "का?" लिहिलं आणि गुरुवारी सकाळी कामाला लागली.

पहिली शंका चाकांवर. म्हणून ती शेजारच्या बॅलन्सवाल्याकडे गेली. हा माणूस गावभरच्या गाड्यांची चाकं समतोल करून द्यायचा आणि स्वतः मात्र डावीकडे झुकून चालायचा. पण ते त्याला कुणी बोलून दाखवत नसे.

"बॅलन्सिंग गेलंय," तो म्हणाला.

"अजून चाकं पाहिली कुठं तुम्ही?"

"पाहायचं काय त्यात? माझ्याकडे येते त्या प्रत्येक गाडीचं बॅलन्सिंग गेलेलंच असतं."

"कारण ज्यांचं गेलेलं असतं तेच तुमच्याकडे येतात."

"मी तेच म्हणतोय," तो म्हणाला.

त्याने चारही चाकं मशीनवर गरगर फिरवली आणि एकाला पंधरा ग्रॅमचं शिसं चिकटवून विजयी चेहऱ्याने हात पुसले. बारकी गाडी घेऊन गोदामांच्या मागच्या लांब सरळ रस्त्यावर गेली. नव्वदला स्टिअरिंग डुललं, पंधरा ग्रॅमने जास्तच डुललं असं तिला वाटलं. परत येऊन तिने पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावली. खोट चाकात असती तर ती चाकाबरोबर मागे गेली असती, आणि स्टिअरिंगऐवजी सीट हलली असती. सीट ढिम्म. स्टिअरिंग चालूच.

म्हणजे चाकं निर्दोष. तिने दारावर "चाकं" लिहून त्यावर रेघ मारली. बॅलन्सवाल्याला ही रेघ मनाला लागली. त्याने फुकटात चाकांच्या दिशा मोजून दिल्या, पुढची दोन्ही चाकं थोडी तोंडं फिरवून बसली होती ती सरळ केली, आणि म्हणाला, "आता नाही हलायची." ती हलली.

शुक्रवारी बारकीने गाडीशी चौकशी समितीसारखं वागायला सुरुवात केली. नव्वदला गिअर काढून गाडी नुसती पळू दिली. थरथर तशीच, म्हणजे इंजिनाचा हात नाही. नव्वदला हलकेच ब्रेक दाबला. थरथर वाढली नाही, म्हणजे ब्रेकच्या डिस्क सरळ आहेत. रस्ता बदलून पाहिला, टायरमधली हवा बदलून पाहिली, सीटवरची उशी काढून पाहिली. उशीचा संबंध नव्हता हे तिलाही कळत होतं, पण समितीने कुणालाच सोडायचं नाही असं ठरवलं होतं.

दुपारी तिने गाडी लिफ्टवर घेतली. लिफ्ट दोन खांबांची होती. गाडीला पोटाशी धरून उचलायची, चारही चाकं खाली लोंबकळायची, न्हाऊ घातलेल्या मांजराच्या पायांसारखी. बारकीने प्रत्येक चाक वर-खाली धरून हलवलं, आडवं धरून हलवलं. कुठे खळखळ नाही, कुठे ढिलेपणा नाही. प्रत्येक नटावर पिवळा ठिपका होता.

हा ठिपका म्हणजे मिस्त्रींच्या गॅरेजचा कायदा. गाडी हवेत असतानाच प्रत्येक नट आवळायचा, आवळला की त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा, आणि एकही नट बिनठिपक्याचा असेल तर गाडीने जमिनीला पाय लावायचा नाही. कायद्यामागे इतिहास होता. मिस्त्री उमेदवारीत असताना त्यांनी एका गाडीचे नट नुसते हाताने फिरवून ठेवले, खाली उतरवल्यावर आवळू म्हणून, आणि मग चहा आला. गाडी गेली. दोन वळणांनंतर पुढचं चाक गाडीला सोडून पुढे निघालं, रस्ता ओलांडून न्हाव्याच्या दुकानात शिरलं आणि रिकाम्या खुर्चीला टेकून उभं राहिलं. न्हाव्याने मान वर न करता विचारलं होतं, "कटिंग की दाढी?" त्यात कुणाला खरचटलंही नाही, पण मिस्त्रींच्या मनावर तो ओरखडा कायमचा राहिला. तीस वर्षांत त्यांच्या गॅरेजातून सैल नटाची गाडी बाहेर पडली नव्हती. स्प्रिंगा बदलताना बारकीनेही हा कायदा शब्दशः पाळला होता. ठिपके तिचेच होते.

"हवेत सगळं ठीक आहे," ती म्हणाली.

"हवेत ठीक तर सगळं ठीक," मिस्त्री म्हणाले.

"मग हलतंय काय?"

"ते उद्या संध्याकाळपर्यंत मला विचारू नकोस."

दारावर आता अकरा शब्द होते आणि अकरावर रेघा. वरचा "का?" तेवढा शिल्लक होता.

शनिवारी सकाळी बारकी उठली तेव्हा मिस्त्री अंगणात बसून जुन्या स्प्रिंगा फडक्याने पुसत होते. मुद्दाम दाखवायला नव्हे. संध्याकाळचं काम सकाळी मांडून ठेवायची त्यांची सवयच होती. पण ते फडकं इतक्या हळुवारपणे फिरत होतं की बारकी चहाचा कप उचलून आत गेली.

आत्या खुर्चीत बसून डॉक्टरच्या नावाने बोटं मोडत होती. हा तिचा रोजचा पहिला कार्यक्रम.

"काल पुन्हा म्हणाला, गुडघ्यात काही नाही. अरे, तू मला टेबलावर आडवी करतोस, पाय उचलून हलवतोस आणि म्हणतोस दुखतंय का. आडवं झाल्यावर कशाला दुखेल? वजनच नाही त्याच्यावर! मला उभी कर, मग बघ, मग विचार."

"मग त्याला सांगितलंस का तसं?"

"सांगितलं. म्हणतो, उभ्या माणसाचा गुडघा तपासता येत नाही. टेबलच आडवं आहे म्हणतो."

बारकीने कप खाली ठेवला. म्हणजे ठेवायचा विचार केला. कप टेबलाच्या दोन बोटं अलीकडे ठेवला गेला आणि फुटला.

"काय झालं गं?" आत्या ओरडली.

"तुझ्या डॉक्टरसारखीच गाढव आहे मी," बारकी म्हणाली आणि गॅरेजकडे पळत सुटली.

थरथर रस्त्यावर होत होती. रस्त्यावर गाडी चाकांवर उभी असते. आणि काल दुपारभर ती गाडीला आडवी टाकून, म्हणजे लिफ्टवर लोंबकळवून, दुखतंय का म्हणून विचारत होती.

गाडी आता जमिनीवर होती, आणि इतकी खाली होती की खाली शिरायला फक्त मांजर आणि बारकी यांनाच जागा. तिनेही तो नाद सोडला. फरशीवर गाल टेकला, फोनचा दिवा लावला, व्हिडिओ चालू केला आणि फोन पुढच्या चाकामागे सरकवला. तिथे लोखंडाचा एक आडवा हात असतो, एका टोकाला चाक आणि दुसऱ्या टोकाला गाडीची चॅसी, म्हणजे सांगाडा. चॅसीच्या टोकाला तो हात एका रबराच्या जाड कड्यात बसवलेला असतो. त्या कड्याला बुश म्हणतात. चाक वरखाली होतं तेव्हा बुशचं रबर पिळतं आणि परत सुटतं, आणि रस्त्याचे बारीकसारीक धक्के तेच गिळून टाकतं, घरातल्या एखाद्या समजूतदार सुनेसारखं.

फोन बाहेर काढून तिने पाहिलं. रबर पिळलेलं होतं, वाळत घालायच्या आधी चादर पिळतात तसं. आणि एका बाजूला ते फाटलं होतं. चांगली करंगळी जाईल एवढं तोंड उघडून फाटलं होतं.

तिने गाडी लिफ्टने उचलली. चाकं लोंबकळली, हात खाली गेला, पीळ सुटला, फाटलेलं तोंड मिटलं. रबर नव्यासारखं गुळगुळीत. शेजारी पिवळा ठिपका. तिने गाडी खाली घेतली. तोंड उघडलं. वर घेतली, मिटलं. असं तिने चारदा केलं, तोवर मिस्त्री स्प्रिंगेवरचं फडकं हातात घेऊनच आले.

"लिफ्टशी खेळतेस?"

तिने फोन त्यांच्यासमोर धरला.

"फोनचं काहीतरी आहे," मिस्त्री म्हणाले.

"बाबा."

मिस्त्री खाली बसले, मग गुडघ्यांवर आले, मग त्यांनी स्वतःचा गाल फरशीला लावला. कितीतरी वेळ ते तसेच पडून होते. बॅलन्सवाला दारातून डोकावला, त्याने बाप-लेकीला फरशीवर गाल टेकून झोपलेलं पाहिलं, आणि डावीकडे झुकत निघून गेला.

"हवेत आवळला," मिस्त्री शेवटी फरशीला म्हणाले.

"हवेत आवळला. चाक लोंबत असताना. रबराला वाटलं, हीच आपली जागा. मग गाडी खाली आली, हात वर गेला, आणि रबर बसलंय पीळ खात, चोवीस तास. उंच होती तेव्हा पीळ थोडा होता, कसंबसं निभत होतं. मी अडीच इंच खाली घेतली आणि त्याचं पेकाटच मोडलं."

"म्हणजे हे बोल्ट..."

"हे बोल्ट गाडी स्वतःच्या पायावर उभी असताना आवळायचे. बाकी सगळे हवेत. फक्त हे खाली."

मिस्त्री उठून बसले. त्यांच्या गालावर फरशीवरच्या ग्रीसचा गोल डाग पडला होता. "ती शाळेची गाडी," ते म्हणाले. "दर वर्षी बुश खायची. मी त्या ड्रायव्हरला सहा वर्षं शिव्या घालतोय. खड्डे बघून चालव म्हणून."

"तो चालवतो कसा?"

"देवमाणूस आहे. खड्डा दिसला की उतरून नमस्कार करेल." मिस्त्रींनी फडक्याने गाल पुसला, त्यामुळे डाग कानापर्यंत गेला. "सोमवारी बोलावतो त्याला. आता बुश आण. दोन नाही, चार आण."

बारकी तासाभरात बुश घेऊन आली. जुने काढून नवे दाबून बसवायला दुपार झाली. मग खरा पेच उभा राहिला. बोल्ट आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. पण गाडी चाकांवर उभी असली की खाली पाना फिरवायला जागाच नाही. म्हणून तिने वखारीतून चार जाडजूड ठोकळे आणले, लिफ्टखाली चाकांच्या बरोबर खाली मांडले. गाडी ठोकळ्यांवर उतरवायची. वजन चाकांवर, आणि खाली हातभर जागा. बाकी सगळे नट आवळून झाले, ठिपके देऊन झाले. बुशचे चार बोल्ट तिने मुद्दाम हाताने फिरवून सैल ठेवले.

"उतरवा," ती म्हणाली.

मिस्त्रींचा हात लिफ्टच्या खटक्यावर होता. तो तिथेच राहिला.

"बाबा, उतरवा ना."

"मी सांगतोय हाताला. तो ऐकत नाही."

"मी उतरवते मग."

"नको." त्यांनी डोळे मिटले. "त्या न्हाव्याच्या दुकानात आज कोण असतं गं?"

"मोबाईल रिपेअरवाला. बाबा, वाजले किती बघा."

गाडी खाली आली. सैल नटांची पहिली गाडी तीस वर्षांत जमिनीच्या दिशेने आली, एकेक बोट, झोपलेलं मूल पाळण्यात ठेवतात तशी. चाकं ठोकळ्यांना टेकली. कुठलंही चाक कुठल्याही दुकानाकडे निघालं नाही. मिस्त्रींनी एक डोळा उघडला.

"आता आत वजन हवं," बारकी म्हणाली. "उद्या जेवढी माणसं बसणार तेवढं. मी आणि आत्या."

"ताईला आणू?"

"ठोकळ्यांवर सीट आहे पस्तीस इंचांवर. कशी चढवणार? लिफ्टने?" तिने दोन जुन्या बॅटऱ्या उचलून ड्रायव्हरच्या सीटवर ठेवल्या. "ही झाले मी. आत्याचं वजन किती?"

"ते विचारायचं नसतं."

"तुमच्याएवढं असेल?"

मिस्त्रींनी प्रामाणिकपणे विचार केला. "खिशात दोन पाने ठेवले तर," ते म्हणाले.

त्यांनी खिशात दोन पाने ठेवले, स्टूल आणलं आणि आत्याच्या जागी चढून बसले. सीट बेल्ट लावला. तो कशाला लावला हे त्यांनाच माहीत. शेजारी बॅटऱ्या, समोर गॅरेजची भिंत, भिंतीवर गेल्या साली संपलेलं कॅलेंडर. बारकी खाली सरपटत गेली. तेवढ्यात बॅलन्सवाला पुन्हा दारात आला.

"मिस्त्री, कुठं निघालात?"

"इथंच," मिस्त्री म्हणाले.

"पोचायला वेळ लागेल का?"

"खाली विचार, ती चालवतेय."

खालून टॉर्क पान्याचा टक् असा आवाज आला. बोल्ट पुरता बसला की तो पाना टक् म्हणतो. मग दुसरा. मिस्त्री आत बसून मोजत होते. तिसऱ्याला त्यांनी श्वास धरला, चौथ्या टक् ला सोडला. थोड्या वेळाने सीटखालून आवाज आला, "बाबा, तो पिवळा डबा पायाने इकडे सरकवा."

"मी वर आहे."

"मग उतरा."

"उतरलो तर ताईचं वजन जाईल."

"आवळून झालंय, बाबा. आता आत्याचं वजन गेलं तरी चालेल."

संध्याकाळी पाच वाजता दोघं गोदामांमागच्या रस्त्यावर होते. ऐंशी. पंच्याऐंशी. मिस्त्री रस्त्याकडे बघत नव्हते, स्टिअरिंगकडे बघत होते. नव्वद. बारकीने बोटं सैल सोडली, नुसते तळवे टेकवून ठेवले. स्टिअरिंग मेल्यासारखं शांत होतं. पंचाण्णव. शंभर. पुन्हा नव्वद.

"परत," मिस्त्री म्हणाले.

चार वेळा परत झालं. पाचव्या वेळी ते म्हणाले, "जरा डावीकडे बघतंय ते." खरंच, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग केसभर डावीकडे होतं, नव्या बुशांनी चाकांच्या दिशा बदलल्या होत्या. परतताना बॅलन्सवाल्याकडून त्या पुन्हा मोजून घेतल्या. या वेळी त्याचा उपयोग झाला आणि तो रात्रीपर्यंत त्याच आनंदात राहिला. अंगणात पुसून ठेवलेल्या जुन्या स्प्रिंगा मिस्त्रींनी उचलून माळ्यावर टाकल्या.

रविवारी सकाळी आठला आत्या इस्त्रीच्या कपड्यांत गाडीत टेकली, पाय आत फिरवले आणि म्हणाली, "चल. सांगून टाकते एकदा."

पहिले पन्नास किलोमीटर ती वाक्य घोळवत होती. "चूक तुझी होती." मग, "चूक तुझी होती, हे तुला चांगलं ठाऊक आहे." मग, "अठरा वर्षं मी काही बोलले नाही, पण." पण नंतर काय ते जमत नव्हतं. सत्तराव्या किलोमीटरला तिने चहासाठी थांबवलं. शंभराव्याला पुन्हा थांबवलं, चहा अर्धा टाकला.

"स्टिअरिंग हलतंय का गं?" गाडी पुन्हा नव्वदला लागल्यावर तिने विचारलं.

"नाही."

"नीट बघ."

"बघतेय. अजिबात नाही."

"मला सीट हलल्यासारखी वाटते."

"तुझे पाय हलतायत, आत्या."

आत्याने पायांकडे पाहिलं आणि ते एकमेकांवर दाबून धरले. "एरवी तुझ्या बाबाचं कुठलं काम एका दमात होत नाही. नेमकं हेच कसं झालं!" थोड्या वेळाने ती म्हणाली, "साठने चालव. एवढी काय घाई आहे?"

बारकीने वेग साठवर आणला. मागचे ट्रक हॉर्न वाजवत पुढे निघून गेले. तीन दिवस जिच्यासाठी हाडाची काडं केली ती आत्या आता खिडकीबाहेर तोंड करून बसली होती, आणि गाडीत एकच वस्तू थरथरत होती.

"परत फिरवू का?" बारकीने विचारलं. थट्टेत नव्हे.

एक पूल गेला, विटांची भट्टी गेली, बंद पडलेला पेट्रोलपंप गेला.

"नळ कुणी उघडा ठेवला ते मला खरंच आठवत नाही," आत्या म्हणाली. मग पदर खांद्यावर ओढून ताठ बसली. "नव्वदने चालव. साठने काय चालवतेस, बैलगाडी आहे का?"

मैत्रिणीचं घर बसकं होतं, बाहेर बांधलेल्या बॅगांची रांग. मैत्रीण दारातच उभी होती, काठी टेकून, आत्याहून वाळलेली. बारकीने गाडी फाटकाला लावली. आत्याने पाय बाहेर काढले, दारावर हात टेकवला आणि कुणाची मदत न घेता उभी राहिली. बारकी दार अर्धं उघडून तिथेच थांबली.

"चूक तुझी होती," आत्या म्हणाली.

"काय?" मैत्रीण म्हणाली.

"चूक तुझी होती!"

मैत्रिणीने कानामागे तळवा धरला. "मोठ्याने बोल. डावा कान गेला, उजवा येतो-जातो."

शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. आत्याने एकदा बॅगांकडे पाहिलं, एकदा खिडक्यांकडे. मग छाती भरून श्वास घेतला आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "मी आलेय!"

"ते दिसतंय," मैत्रीण म्हणाली. "डोळे चांगले आहेत माझे."